खालची हवा

वानासेपी, ३ जून

दिक वास्कितो,

धाकट्या भावाला पत्र लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, पण मे महिन्यातल्या दरडीबरोबर फोनचा टॉवर गेला तो गेलाच. दुरुस्तीला माणसं येतात, तळलेलं टेम्पे खातात, वर बघतात आणि जातात. तुझ्या कंपनीची गाडी यंत्राचे कागद घेऊन दर आठवड्याला बांडुंगला जाते. तिच्या ड्रायव्हरच्या हाती हे देते आहे. तसं बरंच झालं म्हणा. फोनवर तू नुसता हो हो करतोस आणि ऐकत काहीच नाहीस.

पाय कसा आहे? एवढा शिकलेला माणूस, आणि मोटारसायकलवरून पडतो तो कोंबडीला वाचवताना! मास पार्मान तर म्हणाले, "तुझ्या भावाला म्हणावं, कोंबडीचा पत्ता दे, मी तिला भेटून येतो." नवरा माझा, पण हसला तुझ्यावर. मीही हसले. प्लास्टर निघेपर्यंत पडून राहा.

आता मुद्द्याचं. तुझं यंत्र सुरू झाल्यापासून गावाखालच्या खळग्यातली विषारी हवा निवळली आहे. म्बाह सुरादी गावातले सगळ्यांत वडीलधारे, पण त्यांनी स्वतः खाली उतरून पाहिलं. आपण चालायला लागायच्या आधी शिकलेलं सगळं त्यांनी केलं. गुडघ्याला कंदील बांधला, हातात काठी घेतली, वाटेत कुठे टेकले नाहीत. अगदी तळाला गेले तरी ज्योत ताठ. तिथे गवत उगवलंय, वास्कितो. मुंग्या आल्यात. आपल्या जन्मात तिथे कुणी मुंगी पाहिली नव्हती.

मला आनंद व्हायला हवा, तर मी कडेवर उभी राहून रडले. आपले बापाक तिथेच बसलेत ना. गावात आपण अजून 'बसले' असंच म्हणतो, दुसरा शब्द कुणी वापरत नाही. त्या पहाटे खालची हवा वाटेवर चढली आणि शेताला निघालेले सगळे दमल्यासारखे बसले, आणि त्यांना उठवायला बापाक धावले. कुणाला वर आणता आलं नाही. कडेवरूनच माती लोटली. माझा हात धरून तू विचारत होतास, "बापाक कधी उठणार?"

माझी पोर पिनास्ती आता रोज त्या कडेवर जाऊन बसते. मागच्या वर्षीच्या तापानंतर तिच्या डोक्यात ज्या जटा झाल्या त्या आता खांद्यापर्यंत आल्यात. कापू का विचारलं की मान हलवते. जटा कापू देण्याच्या बदल्यात काय हवंय ते अजून सांगत नाही. सांगेल तेव्हा सांगेल, आपण घाई करायची नसते. पूर्वजांची ठेव आहे ती.

मला एकच सांग, आणि नीट सांग. मास पार्मानना खळग्यात बटाटा लावायचाय. काळीभोर माती आहे, कुणी कधी न कसलेली. लावू द्यायचा का? यंत्रावर भरवसा ठेवायचा का?

तुझी म्बाक विगाती


बांडुंग, १० जून

म्बाक,

कोंबडी जिवंत आहे आणि मालकिणीने तिच्या मनस्तापाची भरपाई मागितली आहे. मास पार्मानना सांग.

यंत्राचं पुन्हा सांगतो. म्बाह सुरादींनाही वाचून दाखव, म्हणजे 'वास्कितो हवा शिजवतो' असं ते गावभर सांगणार नाहीत. खळग्याच्या तळाला जी भेग आहे तिच्यावर आम्ही पाइप बसवलाय. पंखा खालची हवा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, वर ओढतो. ती एका चपट्या पेटीत जाते. पेटीत पाणी आहे आणि पातळ पत्रे आहेत, पत्र्यांवर कथलाची कल्हई. त्यांतून वीज सोडली की कल्हईच्या अंगावर हवेची आणि पाण्याची गाठ पडते आणि मुंग्यांचं आम्ल तयार होतं. मुंगी चावली की जे झोंबतं ना, तेच. सुमात्रातले रबरवाले चीक गोठवायला ते विकत घेतात. कल्हई स्वतः खर्च होत नाही, लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखी नुसती मध्ये असते. वीज आपल्याच डोंगराच्या वाफेची. म्हणजे ज्या डोंगराने बापाकना नेलं त्याच्याच हाताने त्याचं विष काढून घेतोय. मी इंजिनीयर झालो तो ह्याच्यासाठी, हे तुला सांगायला नको.

भरवसा ठेव. थोडा गंधकाचा त्रास आहे. आपल्या हवेत गंधक फार, ते कल्हईला चढतं. पत्रे थोडे काळे पडतात, पुसावे लागतात. माणसाला नाही का सर्दी होत. बटाट्याची एवढी घाई मात्र नको. हा हंगाम जाऊ दे.

पिनास्तीला सांग, मामाला परवडेल असं काहीतरी माग. डोंगरापलीकडच्या त्या मुलीने घोडा मागितला होता, तिचा बाप अजून हप्ते फेडतोय.

वास्कितो


वानासेपी, २४ जून

दिक,

तुझं पत्र मी म्बाह सुरादींना वाचून दाखवलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे हवा शिजवतो." मी हात टेकले.

बटाट्याचं मास पार्मान विचार करतायत. अजून विचारच चाललाय. तसं विचारून ठेवते, त्या आम्लाचा थेंब मातीत गेला तर कंदाला काही होत नाही ना?

यंत्र छान चाललंय. दिवसरात्र घुमतं. आधी झोप लागेना, आता त्याच्याशिवाय लागत नाही. पिनास्तीचं मात्र मला समजेनासं झालंय. परवा जेवताना म्हणाली, "इबू, यंत्र थांबलंय." मी म्हटलं, "अगं वेडे, ऐकू येतंय की." तर म्हणाली, "ते नुसतं गुणगुणतंय. काम आजोबा करतायत. सगळेच करतायत. त्यांच्या तोंडात मुंग्या चावतात."

घास माझ्या हातातच राहिला. तिने आजोबांचा फोटोसुद्धा पाहिलेला नाही, कारण आपल्याकडे नाहीच. मास पार्मान हसले आणि म्हणाले, "मामाच्या पत्रातल्या मुंग्या हिच्या डोक्यात शिरल्या." खरंही असेल. पत्र मी मोठ्याने वाचलं होतं, ती तिथेच होती. पण यंत्र थांबल्याचं तर पत्रात नव्हतं.

तू बरा आहेस ना? तुझ्या पत्रातलं ते सर्दीचं वाक्य मी दोनदा वाचलं. लहानपणी दुधाचं भांडं सांडलंस की तू असाच विनोद करायचास.

विगाती


बांडुंग, १ जुलै

म्बाक,

हे पत्र एकटीने वाच.

पिनास्तीला कुणी सांगितलं? यंत्रावरच्या चौकीदाराला मी बजावलं होतं, तो बोलला असेल तर त्याला मी सोडणार नाही. आणि तो बोलला नसेल तर मला काही समजत नाही.

यंत्र ७ जूनपासून बंद आहे. तुला भरवसा ठेव असं लिहिलं तेव्हा बंद होऊन तीन दिवस झाले होते. गंधकाने सगळे पत्रे मेले. काळे ठिक्कर. मेलेल्या पत्र्यांवर आम्ल होत नाही, म्हणून मी ड्रायव्हरकडून निरोप धाडून पाइपाची झडप बंद करायला लावली. पंखा तेवढा चालू ठेवलाय. आवाज थांबला असता तर गावात घबराट झाली असती, वरिष्ठांनी जाब विचारला असता आणि सगळं गुंडाळलं गेलं असतं. नवे पत्रे ऑगस्टमध्ये येतात. तोवर कुणाला कळायचं नाही असं मला वाटलं. हवा खळग्यात परत भरेल, कंदील विझेल, लोक आपले आपण वर येतील आणि मी म्हणेन की थंडीमुळे झालं. असा माझा हिशेब होता. माझी मलाच शरम वाटते.

पण तू तर लिहितेस की छान चाललंय. म्बाक, झडप बंद आहे. खळगा चार-पाच दिवसांत काठोकाठ भरायला हवा होता. तो भरला नाही तर हवा जाते कुठे? कमरेला दोर बांध, दुसरं टोक मास पार्मानच्या हातात दे, कंदील घे आणि बघ. अगदी तळापर्यंत जाऊ नकोस. आणि कुणालाही खाली उतरू देऊ नकोस. मी म्हणतोय म्हणून.

वास्कितो


वानासेपी, ८ जुलै

वास्कितो,

तू समोर असतास तर दुसरा पायही मीच मोडला असता.

तू लपवलंस, आता माझंही ऐक. मीही लपवलं. बटाटा जूनच्या मध्यावरच लावला. एकट्या मास पार्माननी नाही, निम्म्या गावाने. डुकरं येतात म्हणून खळग्यात राखणीची झोपडी आहे, आळीपाळीने माणसं तिथे निजतात. दुपारचं जेवण तिथे होतं. बसून, वास्कितो. बापाक जिथे बसले तिथे पोरं मांडी घालून भात खातात. तू रागावशील म्हणून मी 'विचार चाललाय' असं लिहिलं. आपण दोघं एकाच आईची लेकरं, दुसरं काय.

तुझं पत्र आलं त्या दिवशीच मी कंदील बांधून उतरले. दोर घेतला नाही, मास पार्मान आधीच खाली उभे होते. तळाला ज्योत ताठ होती. जास्तच ताठ, वास्कितो. तेवढी ताठ ज्योत आपल्या बंद देवघरातसुद्धा राहत नाही. वारा अजिबात नव्हता, आणि तरी गवताची सगळी पाती एकाच बाजूला वाकलेली होती, भेगेजवळच्या त्या मातीच्या उंचवट्याकडे. पोर नळीने सरबत ओढतं तेव्हा बर्फाचे तुकडे कसे नळीकडे सरकतात, तसं काहीतरी ओढलं जात होतं. मी हात पुढे केला. हाताला काही लागलं नाही. पण हाताचा वास घेतला तर मुंगी चिरडल्यावर येतो तसा वास.

वर येऊन मी चौकात सगळ्यांना खरं ते सांगितलं. तुझं नाव घेऊन सांगितलं, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. तर लोक हसले. "यंत्र घुमतंय, कंदील जळतोय, आणि ताई म्हणते मरायला लागलोय." मास पार्मान सगळ्यांसमोर म्हणाले, "कंपनीला आता जमीन हवी असेल. भाऊ कुणाचा पगार खातो?" त्यांना बटाट्याचे कोंब दिसतायत, मला ते गवत दिसतंय.

पिनास्तीला मी काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. तरी विचारलं. ती म्हणाली, "आजोबांनी श्वास आत ओढून धरलाय. सगळ्यांनीच धरलाय. खूप दिवस झाले, इबू. आजोबांचा चेहरा निळा पडलाय."

ये ना रे. काठी टेकत ये.

विगाती


बांडुंग, १५ जुलै

म्बाक,

मांडीत पू झालाय, उद्या पुन्हा शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांच्या पाया पडलो, सोडत नाहीत. जिल्ह्याच्या कचेरीत फोन करून सगळं कबूल केलं. हवा मोजायला माणूस पाठवतो म्हणाले. वरिष्ठांनाही सांगितलं. नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

गवताचं तू लिहिलंस ते चार वेळा वाचलं. मी एवढंच सांगू शकतो की झडपेजवळचा दाब रोज वाढतोय, चौकीदाराने पाठवलेले आकडे माझ्यासमोर आहेत. खालून येणारी हवा थांबलेली नाही. ती साठते आहे. ज्या क्षणी सुटेल त्या क्षणी कुणाला कंदिलाकडे बघायलाही सवड मिळणार नाही.

लोक माझं ऐकणार नाहीत, तुझं ऐकत नाहीत, कचेरीच्या माणसाचं ऐकतील की नाही ठाऊक नाही. पण जटा असलेल्या पोरीचं मागणं मोडायची हिंमत वानासेपीत कुणाची नाही. पिनास्तीला पढव. म्हणावं, जटा कापा, आणि मला हवंय ते हेच की सगळ्या गावाने वर, जुन्या दगडी देवळापाशी राहायचं, नवे पत्रे येईपर्यंत. मास पार्मानसुद्धा येतील. मागणं मोडून लेकीला पुन्हा ताप यावा असं कुठल्या बापाला वाटेल?

मागणं मुलाच्याच मनातून यावं लागतं, दुसऱ्याने तोंडात घातलं तर ते पाप, हे मला माहीत आहे. ते पाप माझ्या नावावर घाल. मी हात जोडतो.

वास्कितो


वानासेपी, २३ जुलै

दिक वास्कितो,

गाडी घाटात बंद पडली होती. तुझं १५ तारखेचं पत्र माझ्या हातात आज पडलं. हे आधी वाच आणि मग पुढचं वाच. आज पडलं.

मागच्या शनिवारी कचेरीचा माणूस आला होता. हातात छोटं यंत्र. खळग्यात गेला, मोजलं, म्हणाला, "इतकी स्वच्छ हवा तर आमच्या कचेरीत नाही." टेम्पे खाल्लं आणि गेला. त्यानंतर मला तोंड उघडायलाही जागा राहिली नाही.

त्याच संध्याकाळी पिनास्तीला ताप भरला. अंग भाजत होतं. तापातच म्हणाली, "उद्या कापा." म्बाह सुरादी आले, तिच्या उशाशी बसले, धूप लावला आणि रीतीप्रमाणे सगळ्यांसमोर विचारलं, "बाळ, तुला काय हवं?" मी माझ्या पिनास्तीची शपथ घेऊन सांगते, मी तिला एक अक्षर शिकवलं नव्हतं. मनात आलं होतं. तुझ्याही आधी माझ्या मनात आलं होतं. पण माझी जीभ रेटली नाही.

ती म्हणाली, "मला वर देवळापाशी सगळ्यांबरोबर पिवळा भात खायचाय. पहाटे. सगळ्यांबरोबर. खाली कुणी राहायचं नाही. आणि कुणी बसायचं नाही, उभ्याने खायचं."

मास पार्मान कुरकुरले. "डुकरं एका रात्रीत शेत उकरतील." म्बाह सुरादींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. "पोरीने घोडा नाही मागितला, पार्मान. भात मागितलाय." मग राखणीची माणसं वर आली. बायकांनी रातोरात भाताचा डोंगर रचला. पहाटे आम्ही सगळे देवळापाशी उभे होतो, म्हातारीकोतारी, कडेवरची पोरं, आजारी माणसं चादरीत गुंडाळून खांद्यावर घेतलेली. आपल्याकडच्या जुलैतली ती पिकं जाळणाऱ्या 'विषारी' दहिवराची थंडी तुला माहीत आहे, गवत पांढरं होतं तशी. कुणी बसलं नाही.

म्बाह सुरादींनी एक एक जट कापली. शेवटची कापली आणि पिनास्तीने मोठ्ठा श्वास सोडला. आणि वास्कितो, तिच्या मागोमाग खालून आवाज आला. गडगडाट नाही, स्फोट नाही. पुष्कळ माणसांनी फार वेळ धरलेला श्वास एकदम सोडावा तसा. लांब. संपता संपेना. खळगा काठापर्यंत धूसर झाला. झोपडीतला कंदील तसाच जळत राहिला होता, तो विझला. वर चढत असलेला मास पार्मानचा कुत्रा वाटेवर थांबला, दमल्यासारखा बसला आणि पुन्हा उठला नाही. बटाट्याची हिरवी पानं आमच्या डोळ्यांदेखत खाली झुकली.

मास पार्मान तिथेच गुडघ्यावर कोसळत होते, मी त्यांना दंडाला धरून उभं ठेवलं. "बसू नका," म्हटलं. "आज तरी बसू नका." ते लहान मुलासारखे रडले.

माणूस एकही गेला नाही. पिनास्तीचा ताप उतरलाय. तिला विचारलं, "आजोबा काय म्हणतात?" तर म्हणाली, "कोण आजोबा?" जटा तळ्यात सोडल्या.

तुझी म्बाक


बांडुंग, ६ ऑगस्ट

म्बाक,

तुझं पत्र मी नर्सला वाचून दाखवायला सांगितलं, मला डोळ्यांपुढचं दिसेना. आता घरी आहे. काठीने चालतो.

तुला आणखी एक सांगायचंय, आणि मी शुद्धीत आहे. कंपनीच्या माणसांनी मुखवटे लावून यंत्र उघडलं. झडप बंदच होती, चौकीदाराने लावलेली मोहर तिच्यावर तशीच. तरी आम्लाची टाकी तोंडापर्यंत भरलेली आहे. मी झडप बंद करायला लावली तेव्हा टाकीचा तळ दिसत होता. मला टाकीतला नमुना पाठवलाय, मी स्वतः तपासला, मुंग्यांचंच आम्ल आहे, आणि आमच्या पेटीतून कधी निघालं नव्हतं इतकं शुद्ध. मेलेले काळे पत्रे चकचकीत आहेत, आजच कल्हई केल्यासारखे. पेटीची वीज बंद होऊन दोन महिने झालेत. साहेब म्हणाले, मोजण्यात चूक असेल. मी हो म्हटलं.

लहानपणी मी तुला विचारायचो, बापाक कधी उठणार. मला वाटायचं ते आपल्याला टाकून तिथे बसून राहिले.

नोकरी राहिली आहे, पण यापुढे आवाज एक आणि काम दुसरं असं माझ्या हातून होणार नाही. यंत्र थांबलं की भोंगा वाजेल, तसं करून घेतोय. सांग, पुन्हा सुरू करू का? आणि ती टाकी? रबरवाले चांगला भाव देतात. मला ती विकवत नाही.

वास्कितो


वानासेपी, २० ऑगस्ट

दिक,

यंत्र सुरू कर. सगळ्या गावाचं तेच म्हणणं आहे, मास पार्मानचंही. भोंगा मात्र असा लाव की बहिऱ्याला ऐकू जावा. आणि यंत्र चालू असलं तरी कंदील गुडघ्याला राहणार. त्यावर कुणाशी वाद घालायचा नाही असं ठरलंय.

टाकी विकू नकोस. म्बाह सुरादी म्हणाले, "ज्यांनी शिजवलं त्यांचं ते." पुष्कळ पाणी घालून, फुलं घालून, आम्ही ती भेगेजवळच्या त्या मातीवर परत देणार आहोत. तू येशील तेव्हा. तुझ्याशिवाय करायचं नाही.

काल शुक्रवारी सगळं गाव खळग्याच्या कडेवर गेलं होतं. कुणी बोलावलं नव्हतं. कंदील बांधून एका ओळीत उभे राहिलो. प्रार्थना झाली, आणि मग मास पार्माननी अचानक छाती फुगवली आणि श्वास धरला. मला कळेना. मग शेजारच्याने धरला, मग मी, मग सगळ्यांनी. त्यांनी आपल्यासाठी महिनाभर धरला, आपण जमेल तेवढा तरी धरावा, असंच सगळ्यांच्या मनात असणार. पोरंसुद्धा गाल फुगवून उभी होती. हसू येण्यासारखं होतं पण कुणी हसलं नाही. एक एक जण धापा टाकत सोडू लागला. मीही सोडला.

पिनास्ती सोडेना. भादरलेलं डोकं, डोळे मिटलेले, ओठ निळे पडायला लागले तरी सोडेना. मी तिला गदागदा हलवलं, पाठीत धपाटा घातला, तेव्हा कुठे तिने श्वास टाकला. मी ओरडले, "कशाला एवढा वेळ धरलास गं?"

ती खळग्याकडे बघत होती. म्हणाली, "मी त्यांच्यासाठी थांबले होते, इबू. आता त्यांनी श्वास घेतला."

विगाती